काविळीची माळ आणि मॅडमचं औषध

१२ जानेवारी, सोम.
जळगावहून आले. दोन एसट्या, पारोळ्याला पाऊण तास खोळंबा. दवाखान्यातल्या सिस्टरने एक वही दिली आहे. रोज ताप किती, वजन किती, काय खाल्लं ते लिहा म्हणे. ती वही त्यांची. ही माझी. बियाणांच्या दुकानातली फुकट डायरी, वर कापसाचं बोंड.
लिव्हरमध्ये गाठ आहे. लिंबाएवढी. डॉक्टर सांगेना. "सोबत कोण आलंय?" कोणी नाही. "मुलगा?" सुरतला, मिलमध्ये. "मग त्याला घेऊन या, त्याच्याशी बोलतो." मी म्हटलं, गाठ माझ्या पोटात आहे का त्याच्या? तेव्हा बोलला. कॅन्सर.
कशाने, विचारलं. रक्तात कावीळ आहे, 'ब' नावाची, फार जुनी. डोळे पिवळे न करता आत बसून राहिली. मला हसू आलं. डॉक्टर घाबरला, सिस्टरला पाणी आणायला लावलं. त्याला काय माहीत, अर्धा तालुका कावीळ उतरवायला माझ्या ओट्यावर येतो.

१३ जाने.
सकाळी योगेशला फोन केला. "आई, ड्यूटीवर आहे, बोल लवकर." म्हटलं, काही नाही, थंडी आहे का तिकडे. "आहे." ठेवला.
सांगणार होते. त्याचं रक्तही तपासा असं डॉक्टर म्हणाला. आईकडून पोराला बाळंतपणातच जाऊ शकते म्हणे. हे फोनवर कसं सांगायचं, ड्यूटीवर असताना.
औषधाची एक गोळी रोज, कायमची. घेतली.

१४ जाने.
तिळगूळ द्यायला शेजारची मीरा आली. तेवढाच माणसाचा आवाज. "आक्का, आवाज का बसेल शे?" म्हटलं, बोलायला कोणी नाही म्हणून बसला.

१८ जाने., रवि.
पाच जण आले. एक सोनगीरचा, दोन शिरपूरकडचे, दोन गावातलेच. जरा कुठे पाठ टेकली की ओट्यावर खोकला.
"आक्का, याना डोया देख. हळदसारखा व्हयी ग्यात."
कितला दिन व्हयनात?
"आठ."
आणि आज आठवलं माझं? बस खाली.
मुळीचे बारके तुकडे दोऱ्यात गाठी मारत ओवायचे, डोक्यावर मुकुटासारखी माळ ठेवायची. ती दिवसादिवसाने मोठी होते, गळ्यात येते, कमरेला येते, पायातून निघते. निघाली की कावीळ उतरली. पैसा घ्यायचा नाही, एक नारळ. मुळीचं नाव फक्त सुनेला सांगायचं. आणि माळ देणारीने स्वतःच्या हाताने स्वतःला घालायची नाही. सासूने दिलेले नियम, अठ्ठावीस वर्षं एकही मोडला नाही.
मला सून नाही. योगेशला मुलगी देईना कोणी, मिलवाल्याला कोण देतो.
शिरपूरवाल्याची बाई जाताना म्हणाली, "तुना तोंडवर बी पिव्वी छाया शे व आक्का." म्हटलं, ऊन पडेल शे. चाल, निंघ.

२२ जाने., गुरु.
दवाखान्यात भरती, जळगाव. जांघेतून नळी घालून गाठीपर्यंत औषध नेणार, गाठीचं रक्त बंद करणार. त्याआधी सुईने एक तुकडा काढणार.
दुपारी एक पोरगी आली. मानसी मॅडम. डॉक्टर आहे पण गोळ्या देणारी नव्हे, शोध लावणारी. पोरीसारखी पोरगी, केस वर बांधलेले, कागदाचा गठ्ठा. "मावशी, तुमच्या गाठीतला थोडा भाग आणि रक्त आमच्या अभ्यासासाठी द्याल का?"
कसला अभ्यास?
मग सांगत बसली. चांगलं सांगते, मान्य. शरीरात बारीक बारीक खोल्या, पेशी. प्रत्येक खोलीत सारखे हुकूम सुटतात, हे बनव, ते बनव, वाढ, थांब. मायक्रो-आरएनए म्हणून एवढेएवढेसे तुकडे असतात (कागदावरून उतरवलं). ते हुकमाला जाऊन चिकटतात आणि हुकूम गप्प.
"म्हणजे तोंड दाबणारे."
"हो मावशी! अगदी." चांगल्या लिव्हरमध्ये त्यातला एक भरपूर असतो. गाठ होते तेव्हा बऱ्याच जणांच्यात तो कमी होतो. मग 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्याला आवरणारं कोणी राहत नाही.
सासू मेली तेव्हा आमच्या घरात असंच झालं, मी म्हटलं. हसली. दात चांगले आहेत.
तेच तुकडे बाहेर बनवून परत लिव्हरमध्ये सोडायचे. तेलाच्या बारीक थेंबात भरून. किंवा साखरेची खूण लावून, ती खूण लिव्हरच ओळखतं, म्हणजे औषध नेमकं तिथेच जातं, केस जात नाहीत, तोंड येत नाही. आणि काही तुकडे उलट जास्त होतात, त्यांना बांधून ठेवायचं.
कागद वाचून दाखवायला लागली. एक पान झालं. मी म्हटलं पुरे, कुठे सही करू ते सांग. अंगठा नाही, सही. चौथी पास आहे मी.

२४ जाने.
झालं. दुखतंय. काल योगेश आला, नातेवाईकाची सही लागते म्हणून मानसी मॅ.ने फोन केला होता. सुरतहून तापी लाइनच्या गाडीने आला, खुर्चीत बसून मोबाइल बघत राहिला. "दुखतं का?" नाही. "काही आणू?" नको. एकदा पायावरचं पांघरूण नीट केलं. संध्याकाळच्या गाडीने गेला. रक्त तपासून घे म्हटलं. "घेतो."
पलीकडच्या खाटेवर वरणगावची बाई आहे. नवरा तिचे केस विंचरतो. फणी घेऊन, तेल लावून. मी भिंतीकडे तोंड केलं.

२८ जाने.
घरी. ताप ९९. खिचडी. वजन सिस्टरच्या वहीत लिहिलं.
मुळी आणायला नाल्यापर्यंत गेले, परत येताना दोनदा बसले. पूर्वी डोक्यावर सरपण असायचं तरी बसत नव्हते.

१ फेब्रु., रवि.
सहा आले. बसूनच ओवल्या. चिडचिड कमी झाली माझी, लोकांनाही जाणवलं. कारण मला माहीत आहे. माझ्यापुढे जो रिकाम्या हाताने बसत नाही तो रिकाम्या हाताने उठत नाही. नारळ ठेवला की माळ त्याची. मी तर रक्त दिलं, गाठीचा तुकडा दिला. आता १२ तारखेला बोलावलंय, तेव्हा मॅ. ते लिव्हरचं औषध देणार. आज मीराला सांगितलं. साखरेची खूण, तेलाचा थेंब, सगळं.
"माय व, मंग तू वाची गयी!" म्हणाली.
तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत गावभर. सरपंचाची आई काठी टेकत बघायला आली, जणू मी बाळंत झाले.

४ फेब्रु.
स्वतःसाठी माळ केली. औषध येईल तेव्हा येईल, माळ काय वाईट करते. पण घालायला दुसऱ्याचा हात पाहिजे. मीराच्या दारात गेले. म्हटलं, नुसती डोक्यावर ठेव, दोन शब्द म्हणायचे तेही मी सांगते.
ती उंबऱ्याच्या आतच उभी. "आक्का, पोरं लहान शेत मनं. ती रक्तनी कावीळ लागस म्हनतस."
कोण म्हनस?
"बठ्ठं गाव म्हनस."
चहा दिला. कप धुवायला नेला नाही, मोरीच्या कडेला वेगळा ठेवला. मी पाहिलं. तिनेही पाहिलं की मी पाहिलं.
म्हटलं, कपाने लागत नाही, डॉक्टरला विचार. पण ती डॉक्टरला कशाला विचारेल. मला विचारत आले सगळे आजवर, आणि मी काय काय सांगितलं.
माळ आणून खुंटीला टांगली.

७ फेब्रु.
खुंटीवरची माळ जमिनीला टेकली.
तिच्यात कोणी नाही. डोकं नाही, अंग नाही, कावीळ नाही. मुळी वाळते, बारीक होते, गाठी सैल पडतात, दोरा सुटत जातो. सासू मरायच्या आधी म्हणाली होती, "गुन मुळीमा नही, गाठमा शे. कोनले सांगजो नको." तेव्हा मी विचारलं नाही की म्हणजे काय. खरं तर कळलं होतं. म्हणूनच विचारलं नाही.
पण लोक बरे झाले ते? झाले ना. डोळ्यांनी पाहिलेत.

१२ फेब्रु., गुरु. जळगाव
मॅ.ला म्हटलं, आण.
"काय मावशी?"
औषध. ते तुकडे.
तिचा चेहरा. खुर्ची ओढून जवळ बसली, तेव्हाच समजायला पाहिजे होतं.
"मावशी, ते औषध अजून नाहीये. आम्ही फक्त मोजतोय. तुमच्या गाठीत कोणते तुकडे कमी, कोणते जास्त."
मग देता कोणाला?
"सध्या उंदरांना."
मग मला उंदीर समज.
हसली नाही. म्हणाली, बाहेरच्या देशात असलं एक माणसांना देऊन पाहिलं होतं. काहींच्या गाठी थोड्या आवरल्या. पण अंगाची सगळी ताकद उलटून स्वतःवरच उठली, लोकांना फार त्रास झाला, ते थांबवलं. आता नव्याने, जपून चाललंय.
किती वर्षं?
"दहा. पंधरा. मावशी, मला माहीत नाही."
तू सांगितलं नाहीस.
"सांगितलं होतं. दुसऱ्या पानावर आहे. तुम्हाला यातून उपचार मिळणार नाही असं लिहिलंय. तुम्ही पुरे म्हणालात." मग हळू म्हणाली, "मी थांबायला नको होतं. चूक माझीही आहे."
वर अजून मागते! नळीच्या औषधानंतर त्याच गाठीचा दुसरा तुकडा पाहिजे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच माणसाचे कोणी देत नाही म्हणे.
नाही म्हटलं. उठून आले. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, एरंडोल येईपर्यंत काही दिसलं नाही. डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे. धूळ.

१३ फेब्रु.
मीराने विचारलं, भेटनं का औषध? हो म्हटलं.

१५ फेब्रु., रवि.
सकाळी एक बाई पोराला घेऊन आली. साधी कावीळ. काल मॅ.ला फोन करून एकच विचारलं होतं, लोक मग बरे कसे होतात. म्हणाली, पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरते, विश्रांती घेतली की. आपोआप. बाईला माळ दिली. पाणी उकळून दे म्हटलं. हेही कधी सांगितलं नव्हतं.
अकरा वाजता एक माणूस बापाला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आला, मागे भाऊ धरून. बापाचं पोट फुगलेलं, हातपाय काड्या, डोळे पिवळे, अंग खाजवून खाजवून लाल.
असाच भिका आबा आला होता, मागच्या पावसाळ्यात. आमच्या गल्लीतला. त्याला मी तीन माळा घातल्या. एक उतरली की दुसरी. पोरं म्हणत होती धुळ्याला न्यायचं का, मी म्हटलं थांबा, तिसरी उतरू द्या. दिवाळीच्या आधी गेला. त्याची बायको अजून मला रस्त्यात नमस्कार करते.
मी म्हटलं, याले माळ नही देत मी.
"काय चुकनं आमनं आक्का? नारळ लयेल शे ना."
नारळ घरी ने. याले काय शे ते माले माहीत नही. धुळ्याले ने, आजच. पोटना फोटो काढाले सांग.
"तुले माहीत नही?" धाकटा हसला. "दवाखानावालासनी तुले फोडी लिधं वाटस."
म्हातारा मोटारसायकलवरच बसून होता. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बेटा, एक ठेव ना डोकावर. तुनं काय जास?"
ठेवली नाही. गेले. धुळ्याला गेले का दुसऱ्या माळवाल्याकडे गेले, कळायला मार्ग नाही. नाव पण विचारलं नाही मी. दुपारी भाकर थापली ती तशीच.

१८ फेब्रु.
मीरा, लांबूनच, कपडे वाळत घालता घालता: "लोके म्हनतस, आक्काना हातना गुन ग्या. दवाखानानं औषध खाधं म्हनीसन."
म्हटलं, मंग लोकेसले सांग, गुन कधीच नव्हता.
कपडे घेऊन आत गेली. कपडे ओलेच होते.

२२ फेब्रु., रवि.
कोणी नाही.
ओटा झाडून ठेवला होता. नऊ वाजता, अकरा वाजता, एक वाजता. कुत्रं आलं, बसलं, गेलं. अठ्ठावीस वर्षांत असा रविवार सासऱ्याच्या दहाव्याला पण गेला नव्हता. तेव्हाही चौघे आले होते.
लोकांचा वैताग यायचा मला. सुखाने जेवू देत नाहीत म्हणायची. आज बारा वाजता जेवले, सुखाने.

२६ फेब्रु., गुरु. जळगाव
पुन्हा फोटो काढला, बोगद्यासारख्या मशिनीतला. डॉक्टर म्हणाला, गाठीचा बराच भाग मेलाय. एका कडेला जिवंत आहे. आणि शेजारी एक नवीन, बोराएवढी. पुढच्या आठवड्यात परत नळी. "निराश होऊ नका." मी म्हटलं, तुम्ही फक्त खरं बोला, बाकी माझं मी बघते.
मॅ. व्हरांड्यात दिसली. मला टाळून जात होती. मीच हाक मारली.
तो दुसरा तुकडा. दुखेल?
"हो. मागच्याएवढंच."
धोका?
"रक्त जाऊ शकतं. क्वचित, पण जाऊ शकतं."
माझा फायदा?
"काही नाही, मावशी."
कोणाचा?
"कदाचित कोणाचाच नाही. कदाचित पुढच्या कोणाचा." मग म्हणाली, "तुमची एक गोष्ट सांगू? मागच्या तुकड्यात तो तोंड दाबणारा खूपच कमी आहे. नळीनंतर उरलेल्या कडेला काय झालं, ते मला बघायचंय. ती कडच परत वाढते."
मला कोणी असं विचारलं असतं, फायदा काय, धोका काय, तर मी त्याला ओट्यावरून हाकलून दिलं असतं. या पोरीने सगळ्याची उत्तरं दिली.
कागद मागून घेतला. म्हटलं, घरी नेते. स्वतः वाचणार. तू वाचून दाखवू नकोस.
तिला माळेचं सांगितलं. गाठीचं, वाळण्याचं, भिका आबाचं. मुळीचं नाव नाही सांगितलं, तेवढं नाही. तिनेही विचारलं नाही. शहाणी आहे.

१ मार्च, रवि.
एक बाई आली. माळेला नाही. मोटारसायकलवरच्या त्या म्हाताऱ्याचं काही कळलं का म्हणून मीच तिला विचारलं, मोटारसायकल गेली त्याच बाजूच्या गावची ती. तिला माहीत नव्हतं. पाणी पिऊन गेली.
कागदाचं पहिलं पान झालं. चष्मा गावातल्या शिक्षकाचा उसना. अक्षर बारीक, शब्द सरकारी. 'सहभागी' म्हणजे मी.

२ मार्च
दुसरं पान. 'आपणास या अभ्यासातून कोणताही थेट उपचार मिळणार नाही.' बोट ठेवून तीनदा वाचलं. होतं तिथेच, ठळक अक्षरात.
'आपण कोणत्याही वेळी, कारण न देता, नकार देऊ शकता. त्यामुळे आपल्या उपचारांत फरक पडणार नाही.' हे चांगलं आहे. हे माझ्या ओट्यावर नव्हतं.
योगेशला फोन. रक्त तपासलं का? "आई, सुट्टी नाही." म्हटलं, मी मेले तर सुट्टी मिळेल, तेव्हा तपास. फोन ठेवला. मग वाईट वाटलं, परत लावला, त्याने उचलला नाही.

३ मार्च
त्याचा मेसेज आला. 'रक्त दिले. रिपोर्ट २ दिवसांनी.' एवढंच. चार वेळा उघडून पाहिला.

५ मार्च, गुरु. सकाळ
पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्या, सिस्टरची वही. आज भरती, उद्या नळी. सुई नळीच्या आधी, म्हणजे सही आजच पाहिजे.
कागद पुरा वाचला. शेवटच्या पानावर दोन प्रश्न आहेत, सहीच्या वर.
'अभ्यासातून काही निष्पन्न झाल्यास आपणास कळवावे काय?' हो. खूण केली, पेनाने.
त्याखाली, 'आपण नसल्यास कोणास कळवावे? नाव, नाते, फोन.'
तीन रेघा रिकाम्या.
मीराचं लिहू का? ती फोन घेईल पण ऐकणार नाही. भिका आबाच्या बायकोचं मनात आलं. तिला काय म्हणून सांगायचं, नातं काय लिहायचं. योगेशचं पेन्सिलीने लिहिलं. त्याचा रिपोर्ट आज येईल. त्याच्यातही ती कावीळ निघाली, तर हे कळणं त्याच्या कामाचं आहे. नाही निघाली, तर दहा-पंधरा वर्षांनी कोणी परकी बाई त्याला ड्यूटीवर फोन करून म्हणेल, तुमच्या आईच्या लिव्हरमध्ये अमुक तुकडा कमी होता. तो म्हणेल, बोला लवकर.
की नाही म्हणणार, कोण जाणे.
नाव अजून पेन्सिलीतच आहे. सहीची जागा कोरी. सातच्या गाडीला वेळ आहे, त्याला आणखी एकदा फोन लावते.